काट्यावरचा डबा बोलता करताना

गडचांदूरमध्ये दुकान चालवणाऱ्यानं स्वच्छतेचा हट्ट धरू नये. सकाळी काउंटर पुसावं, तर दुपारी त्यावर बोटानं रेघ ओढता येते. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्या मधोमध मी चोवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलो आहे, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी पंख्यांत अडकलेली भुकटी फुंकून काढण्यात गेली. आता ती भुकटी माझ्याच छातीत घरघरते. मागच्या उन्हाळ्यात मी ठरवून टाकलं होतं की नवीन काम घ्यायचं नाही, हातातलं संपवायचं आणि शटर ओढायचं. मला या धंद्याचा खरंच वीट आला होता. लोक बिघडलेलं मशीन घेऊन येतात आणि रागानं बघतात माझ्याकडे.

अशा दिवसांत एका दुपारी ती आली. मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलात असलेल्या एका लहान गावाची सून, गावात आशा कार्यकर्ती. तिकडून इथे यायचं म्हणजे आष्टी, गोंडपिपरी, राजुरा अशा गाड्या बदलत यावं लागतं. तिनं पिशवी खाली ठेवली, माठातलं पाणी प्यायली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, माह्या सासूले सभेत बोलतं कराचं हाय. तुमी काईतरी करा."

तिच्या सासूला मी ओळखत होतो. अकरा वर्षांपूर्वी त्या गावच्या ग्रामसभेनं बांबू आणि तेंदूपत्त्याचं दप्तर ठेवायला पहिला कॉम्प्युटर घेतला, तो बसवायला मी गेलो होतो. मी तारा जोडत असताना सभेत मागे बसलेली एक धिप्पाड बाई उठली आणि तिनं विचारलं, "हा डबा बिघडला तं तुमी यान का?" मी मान न उचलता म्हणालो, येईन की. "असं नाई," ती म्हणाली. "उभे राहा. सगळ्याइच्या समोर, सोताच्या तोंडानं सांगा." मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून उभा राहिलो आणि शाळेतल्या पोरासारखं सांगितलं की डबा बिघडला तर मी येईन. तेव्हा कुठे ती खाली बसली. नंतर तिच्याच घरी मला जेवायला नेलं आणि ताटात भात इतका वाढला की मला उठता येईना.

त्या गावची रीतच तशी आहे. सभेत हात वर केलेला धरत नाहीत. फार पूर्वी कधीतरी सगळ्यांनी एका कागदावर हात वर केले आणि नंतर कळलं की कागदात भलतंच लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला पाळीपाळीनं विचारतात आणि प्रत्येकानं आपल्या तोंडानं बोलायचं. हो असेल तर गोंडीत 'इंगो', नाही असेल तर 'हिल्ले'. एकानंही हिल्ले म्हटलं तर विषय पुढे जात नाही. त्याचं म्हणणं ऐकून घेतात, पुन्हा बसतात, पुन्हा विचारतात. या पद्धतीनं एका विहिरीचा निर्णय व्हायला सहा महिने लागलेले मी पाहिले आहेत. मला तेव्हा ते सगळं फार लांबण लावल्यासारखं वाटायचं.

त्या बाईला वर्षापूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. समज शाबूत. डावा हात चालायचा, पण थरथरायचा. पहिले दोन-तीन महिने तिला खाटेवर उचलून सभेत न्यायचे. तिची पाळी आली की सगळे गप्प बसायचे, बराच वेळ वाट बघायचे आणि मग हळूच पुढच्याला विचारायचे. वहीत तिच्या नावापुढे 'हजर' एवढंच लिहायचे. मानेनं सांगितलेलं चालवून घ्या, असं सुनेनं सुचवून पाहिलं. पण लकव्यानं मानही तिच्या ताब्यात राहिली नव्हती, हो म्हणायला गेली तरी ती आडवी हलायची. मग बाईनं सभेला यायचंच बंद केलं. खाट उचलायला आले की डोळे मिटून घ्यायची. जेवण कमी झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

"तिले असं पाहवत नाई," सून म्हणाली. "तिची पाळी तिले वापस पाहिजे, भाऊ. दुसरं काई नाई."

मी म्हणालो, मोबाइलवर चित्रं दाबली की बोलणारी सोय असते, ती घ्या. तिनं आपला मोबाइल काढून दाखवला. तो उपाय करून झाला होता. पण जन्मभर मोहफुलं वेचलेल्या, पानं तोडलेल्या, चूल सारवलेल्या त्या बोटांची कातडी इतकी जाड आणि कोरडी होती की मोबाइलच्या काचेला त्यांचा स्पर्श कळतच नव्हता. कळला तर थरथरीमुळे एकाऐवजी तीन चित्रं दाबली जायची. शेवटी बाईनं मोबाइल खाटेखाली भिरकावला होता.

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे एक जुना पॅनेल चार वर्षं पडून होता. खाणीवरच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर असतो तो, आतच कॉम्प्युटर असलेला जाड ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा. पुढून काच, पाठीवर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या उभ्या धारा. कुणीतरी नवीन बसवला तेव्हा हा भंगारात टाकला आणि मी उचलून आणला. याच्या काचेला दाब कळतो. हातमोजे घातलेल्या, तेलकट, चुन्यानं माखलेल्या बोटांसाठीच ती बनवलेली असते. नुसता ओझरता स्पर्श झाला तर ढिम्म, जोर लावून दाबलं तरच ऐकणार. शिवाय आत पंखा नाही, सगळं बंद, आणि चालतो चोवीस व्होल्टवर. ग्रामसभेच्या घरात सौरदिव्यांच्या बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्या एकीपुढे एक जोडल्या की झालं.

मी हे मोठ्यानं बोलून बसलो, ही माझी चूक. सुनेनं लगेच विचारलं, "मंग कधी येऊ न्यायले?" मला नाही म्हणायचं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी उभं राहून सांगितलेलं आठवलं आणि मी म्हणालो, दोन आठवड्यांनी या. दोन महिने लागले.

त्या डब्याला वजन दाखवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याच्या पोटातली जुनी प्रणाली तेवढ्यासाठीच होती आणि तिला कुलूप. ती काढून लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकायचं ठरवलं, कारण ती उघडी असते. कुणीही आत हात घालावा, नको ते काढावं, हवं ते ठेवावं. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात आजकालच्या बहुतेक लिनक्सवाल्यांनी इतक्या जुन्या प्रोसेसरला कधीच रामराम ठोकला आहे. मी एकामागून एक उतरवून पाहत होतो आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत मला सांगत होता की तुमचं मशीन आमच्यात बसत नाही. शेवटी एक लहानसं, जुन्या मशीनांसाठी मूठभर लोकांनी जिवंत ठेवलेलं लिनक्स सापडलं.

मग कळलं की डबा पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही. त्याला हार्ड डिस्क नाही. काडेपेटीएवढं एक कार्ड आहे आणि तेवढ्यावरच तो उठतो. म्हणून दर खेपेला अठरा स्क्रू काढायचे, कार्ड बाहेर घ्यायचं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरायचं, परत बसवायचं, अठरा स्क्रू लावायचे आणि चालू करायचा. पहिल्या खेपेला पडदा काळा. दुसऱ्या खेपेला चित्र आलं, पण अर्धंच, तेही तिरपं. पाचव्या की सहाव्या खेपेला पूर्ण चित्र आलं आणि मी चहा मागवला. तो चहा मी उगाच मागवला. काचेला बोट लावलं तर बाण नेमका उलट्या कोपऱ्यात पळायचा. वर दाबलं की खाली, डावीकडे दाबलं की उजवीकडे. स्क्रू काढून काढून माझ्या अंगठ्याला फोड आला होता, कंबर धरली होती आणि बायको विचारत होती की शटर ओढणार होतात त्याचं काय झालं.

इंटरनेटवर अशा अडलेल्या लोकांच्या चावड्या असतात. तिथे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत गाऱ्हाणं लिहिलं. नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. दहाव्या दिवशी कुठल्या तरी थंड देशातल्या माणसानं उत्तर दिलं. त्याच्याकडे हाच पॅनेल दुधाच्या टाकीवर होता. त्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. या दोन आकड्यांची अदलाबदल करा, आणि तुमच्या म्हाताऱ्या बाईंना माझा नमस्कार. मी आकडे बदलले. बाण बोटाखाली आला. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं, मी त्या डब्याला चक्क हात जोडले.

आवाजाची गोष्ट राहिलीच होती. वजनकाट्याला बोलायचं काय कारण? त्यात फक्त 'टीं' वाजायची सोय होती. एक बोटभर लांबीचा आवाजाचा जोड मिळतो, तो मागे खोचला आणि एका मेलेल्या रेडिओचा स्पीकर त्याला लावला. सगळ्या कामात ही एकच गोष्ट पहिल्या झटक्यात चालली, त्यामुळे मला अर्धा दिवस विश्वासच बसला नाही.

पडद्यावर मी नऊ मोठे चौकोन केले. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून सुनेनं चित्रं काढून आणली. इंगोसाठी भरलेली घागर. हिल्लेसाठी वाटेवर आडवं टाकलेलं लाकूड, कारण तिकडे वाट बंद आहे हे असंच सांगतात. थांबा, पाणी, दुखतं, भूक, बाहेर न्या, सुनेला बोलवा, आणि शेवटचा 'मले विचारा'. आवाज कुणाचा घ्यायचा हे ठरायचं होतं. सासूच्या वयाचं कुणी आणावं का, असं मी सुचवलं.

"माहाच टाका," ती म्हणाली. "मी तिच्यापाशी रोज असतो. तिले परका वाटनार नाई." ती माझ्या दुकानात स्टुलावर ताठ बसली आणि नऊ शब्द गोंडीत बोलली. इंगो म्हणताना लाजली, हिल्ले म्हणताना हसली. मी म्हणालो, हिल्ले जरा ठसक्यात म्हणा, तुमच्या सासूला शोभेल असं. मग तिनं असं काही म्हटलं की रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला.

डबा घेऊन ती निघाली तेव्हा मी तिला तीन-तीनदा बजावलं. धूळ जाऊ देऊ नका. मुंग्या जाऊ देऊ नका. पाल तर मुळीच नको. चहूबाजूंनी बंद, सुरक्षित जागेत ठेवा. चोवीस वर्षं हेच बजावत आलो आहे, तोंडपाठ झालं आहे. तिनं एकेक गोष्ट बोटांवर मोजून लक्षात ठेवली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. त्यांच्या गावात नेटवर्क नाही, टेकडीवर चढून लावावा लागतो, त्यामुळे वाऱ्याचा आवाज जास्त आणि तिचा कमी. एवढं कळलं की डबा सुरू होतो, बोलतो, आणि तासाभरानं गपकन बंद पडतो. तासाभरात त्यांच्या सभेत अजून लोक चपला काढत असतात. बाईला खाटेवरून आणलं होतं. तिच्या पाळीपर्यंत डबा टिकला नाही. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नीट ठेवला ना?" मी ओरडून विचारलं.

"तुमी सांगतलं तसाच ठेवला, भाऊ. एकदम मस्त."

मी डबा परत मागवला. ती बसनं घेऊन आली. तीन दिवस माझ्या टेबलावर तो अखंड चालला, जरा म्हणून बंद पडला नाही. मी परत पाठवला. तासाभरात बंद. पुन्हा आला. आता मी सगळंच नव्यानं केलं. कार्ड बदललं, लिनक्स पुसून परत टाकलं, वीज घेणारी तार बदलली, डब्याच्या आपोआप झोपी जाण्याच्या सगळ्या सवयी शोधून शोधून बंद केल्या. त्या थंड देशातल्या माणसालाही विचारलं. तो म्हणाला, माझा पाच वर्षं बंद पडलेला नाही. त्याच्या या उत्तराचा मला फार राग आला. मी प्रत्येक ओळीवर संशय घेतला, प्रत्येक तारेवर घेतला, आणि माझं वय झालं, आता हे आपल्याला जमत नाही, असंही स्वतःला सांगून टाकलं. दुकानात गेलो की त्या डब्याकडे बघावंसं वाटेना.

तरी तो परत पाठवला. तिसऱ्यांदा तोच फोन आला तेव्हा मी म्हणालो, आता मीच येतो. मनातून हे सांगायलाच चाललो होतो की माझ्याकडून होत नाही. बाईसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सांगेन आणि मोकळा होईन.

सकाळची गाडी धरली. आष्टीला वैनगंगेच्या पुलावर बसमध्ये सगळे पेंगत होते, मीही पेंगलो. मुलचेऱ्याला बंगाली माणसाच्या टपरीवर चहा घेतला. तिथून सुनेचा नवरा मोटरसायकलवर घ्यायला आला. तो कमी बोलणारा माणूस. वाटेत एकदाच म्हणाला, "मायनं काल जेवन सोडलं." बाकी रस्ता मोटरसायकलचे हादरे आणि माझी कंबर.

ग्रामसभेच्या घरात शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. समोरच्या मातीच्या भिंतीत त्यांनी डब्यासाठी कोनाडा केला होता. नुसता कोनाडा नव्हे. बायकांनी दोन दिवस खपून भिंत कोरली होती, डबा आत बसवला होता आणि मागून, बाजूंनी, वरून चिकणमाती, शेण आणि भुसा कालवून असा लिंपला होता की सुईसुद्धा शिरू नये. काचेभोवती चुन्याची आणि गेरूची नक्षी. आत ना धूळ जाणार, ना मुंगी, ना पाल. माझा शब्द न् शब्द पाळला होता. दर वेळी मी डबा मागवला की त्या तो उकरून काढत, पाठवत, परत आला की पुन्हा लिंपत आणि नक्षी पुन्हा काढत. धान्याची कणगी जपतात तसा त्यांनी तो जपला होता.

मी भिंतीला हात लावला. पेटत्या चुलीच्या कडेसारखी तापली होती.

त्या डब्याला पंखा नसतो, म्हणून तर पाठीवर त्या धारा असतात. आतली सगळी उष्णता त्या धारांतून हवेत जाते. माझ्या दुकानात तो टेबलावर उघडा, पंख्याखाली. इथे त्याची पाठ हातभर मातीत पुरलेली. तासाभरात आतून भाजून निघायचा आणि जीव वाचवायला स्वतःच बंद व्हायचा. लिनक्सची चूक नव्हती, तारेची नव्हती, कार्डाची नव्हती. मी सगळं सांगितलं होतं, फक्त त्याला वारा लागतो हे सांगितलं नव्हतं, आणि कसा ठेवला आहे हे एकदाही धड विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच उकिडवा बसलो.

लिंपणाऱ्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. त्यांना कसं सांगायचं ते मला कळेना. मी म्हणालो, चूक माझी आहे. याची पाठ उघडी पाहिजे, त्याला श्वास लागतो. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातली एक पोक्त बाई पुढे आली, कमरेची खुरपी काढली आणि म्हणाली, "एवढंच ना? आदी काऊन नाई सांगतलं? माह्या बुड्याची पाठ बी उन्हाळ्यात अशीच तपते." सगळ्या खदखदून हसल्या. मी पण हसलो. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसलो असेन.

मग भिंत पलीकडून फोडली. डब्याची पाठ छपराच्या वळचणीखाली, सावलीत, बाहेरच्या वाऱ्याला आली, तिच्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून बसवला. पुढची नक्षी मी मोडू दिली नाही. चालू केला. एक तास गेला, दोन गेले. मी दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन धारांवर तळहात ठेवून येत होतो, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोमट. सगळा दिवस तो कोमटच राहिला.

दुसऱ्या दिवशी सभा होती. मला थांबवून घेतलं. बाईला खाटेवरून आणून कोनाड्यासमोर खुर्चीत बसवलं. अकरा वर्षांपूर्वीचं ते धिप्पाड शरीर निम्मं झालं होतं. तिनं मला ओळखलं, बघत राहिली, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

विषय होता मोबाइलच्या टॉवरचा. टेकडीवर जागा द्यायची की नाही. विषय सुनेनंच आणला होता. ती उभी राहिली आणि गोंडीत बोलली. शेजारचा माणूस मला मराठीत सांगत होता. सासूला लकवा मारला त्या दिवशी गाडी बोलवायला ती टेकडीवर धावत गेली होती. चढेपर्यंत, फोन लागेपर्यंत, परत उतरेपर्यंत जो वेळ गेला त्यात सासूचं तोंड गेलं. आणखी कुणाचं जाऊ नये. मग पाळी सुरू झाली. इंगो. इंगो. इंगो. माणसामागून माणूस, बाईमागून बाई. मीही मनात म्हणत होतो, इंगो.

बाईची पाळी आली. सगळे थांबले. पूर्वी तिला खाटेवर आणायचे तेव्हा थांबायचे तसेच. तिनं डावा हात उचलला. तो थरथरत पडद्यापर्यंत गेला, घागरीवरून फिरला, पाण्यावरून फिरला आणि आडव्या लाकडावर जोरात टेकला.

"हिल्ले," डबा म्हणाला. सुनेच्या आवाजात, त्याच ठसक्यात.

सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा दाबलं. हिल्ले. मी सुनेकडे बघू शकलो नाही. तीन वेळा बस बदलत डबा नेणारी, आणणारी, चित्रं काढणारी, नवऱ्याला माझ्याकडे धाडणारी ती, आणि तिच्याच आवाजानं तिचा विषय अडवला होता. मला वाटलं, ती आता रडेल, किंवा उठून जाईल. ती उठली, सासूजवळ गेली, खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि विचारलं. एवढं मला कळलं की ती कारण विचारते आहे. बाईचं बोट नऊच्या नऊ चौकोनांवरून फिरलं. कारण सांगणारा चौकोन त्यात नव्हता. मी ठेवलाच नव्हता. तिनं वैतागून काचेच्या चौकटीवर मूठ आपटली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मी पार खजील झालो. हो आणि नाही एवढंच माणसाला पुरतं, असं मी धरून चाललो होतो.

सून एकेक विचारत गेली. टेकडीवर मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड आहेत, त्यांच्यासाठी? हिल्ले. मोहाच्या झाडांसाठी? हिल्ले. ती विचारायची आणि तिचाच आवाज तिला उत्तर द्यायचा. बऱ्याच वेळानं तिनं टेकडीखालच्या झऱ्याचं विचारलं. बोट घागरीवर टेकलं. इंगो. मग मागून एक म्हातारा बोलला की खरं आहे, फार पूर्वी तिथे कुणी खड्डा मारला होता तेव्हा झरा दोन उन्हाळे आटला होता, आपण सगळे विसरलो. बाई खुर्चीत मागे टेकली. डोळे उघडेच होते.

सभेची वही सूनच लिहिते. तिनं वही मांडीवर घेतली आणि लिहिलं की टेकडीवर नाही, जागा दुसरी बघायची, पुन्हा बसायचं. सासूच्या नावापुढे 'हजर' लिहिलं नाही. 'हिल्ले' लिहिलं.

लोक पांगल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता मला बोलणार. "भाऊ," ती म्हणाली, "याच्यात आखीन चौकोन होतात का?"

होतात, मी म्हणालो. कार्डावर जागा भरपूर आहे. मी फार दमलो होतो, गाडीची वेळ होत आली होती. पण की-बोर्ड काढला, पिशवीतून माइक काढला आणि तिथेच कोनाड्यासमोर चटईवर बसलो. सासू खुर्चीतून बघत होती. सून एकेक शब्द तिला विचारायची, घागर दाबली गेली की माइकमध्ये बोलायची. झरा. पाणी आटते. दुसरी जागा पाहा. मले समजलं नाई, पुन्हा सांगा. तिच्या टॉवरच्या विरोधात लागणारा प्रत्येक शब्द तिनं स्वतःच्या आवाजात, न गाळता दिला. 'तिथी खोदू नका' म्हणताना तिचा आवाज पुसट उमटला. मी म्हणालो, राहू द्या, कळतं आहे.

"नाई, भाऊ," ती म्हणाली. "शेवटी बसलेल्याले बी ऐकू आलं पाहिजे." तिनं पदरानं तोंड पुसलं, माइक जवळ ओढला आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, तिथी खोदू नका.